कारचा इंडिकेटर बिघडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरात दोन गाड्या, एक बाबांची जुनी वॅगन आर आणि एक माझी त्यातल्या त्यात नवीन, आणि या दोघींच्या इंडिकेटरने मला इतक्या वेळा गंडवलंय की आता आमच्या लाइनीतले लोक सकाळी पोहे-जिलबी खाता खाता मलाच विचारतात, अरे माझा डावीकडचा जोरात टिकटिक करतोय, काय करू. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून काढतोय. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं बघा: काहीही उघडायच्या आणि विकत घ्यायच्या आधी गाडीत बसून टिकटिक ऐका आणि खाली उतरून गाडीला एक फेरी मारा. निम्म्याहून जास्त वेळा तिथेच कळतं.

आणि शब्दांचा एक घोळ मिटवू. लाल त्रिकोणाचं बटण दाबल्यावर चारी इंडिकेटर एकदम लागतात त्याला आपल्याकडे बरेच जण पार्किंग लाइट म्हणतात, मी इथे हॅझर्ड म्हणतोय, कारण मागचे ते मंद लाल दिवे पण कोणी पार्किंग म्हणतं आणि मग भलतंच ऐकलं जातं.

एका बाजूचा इंडिकेटर दुप्पट फास्ट टिकटिक करतो, दुसऱ्या बाजूचा नॉर्मल. काय झालं असेल?

बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो, आधी तोच बघा. इंडिकेटर साधारण मिनिटाला ६० ते १२० वेळा लागायला पाहिजे, बहुतेक गाड्यांत ८०-९० च्या आसपास असतो. पुढे २१ वॉटचा एक, मागे २१ वॉटचा एक आणि फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, ५ वॉटचा छोटा, असे एका बाजूचे ४७ वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ४ अँपिअर. एक मोठा बल्ब गेला की ते सव्वादोन अँपिअरवर येतं, फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, हे कळतं आणि तो मुद्दाम स्पीड वाढवतो, ड्रायव्हरला कळावं म्हणून. लोकांना वाटतं फ्लॅशर बिघडला. अरे, तो बिचारा त्याचं काम चोख करतोय! आणि आपण जाऊन त्यालाच बदलून येतो.

तर त्या बाजूचा इंडिकेटर लावा, उतरा, पुढे बघा, मागे बघा. जो लागत नाही तो बदला, संपलं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. फेंडरवरचा ५ वॉटचा छोटा बल्ब गेला तर बऱ्याच गाड्यांत स्पीड बदलतच नाही, तेवढा फरक फ्लॅशरला जाणवत नाही, त्यामुळे तो महिनोन्‌महिने बंद असतो आणि मालकाला पत्ता नसतो. आणि हॅझर्ड लावल्यावर बल्ब गेलेला असला तरी टिकटिक अनेकदा नॉर्मलच येते. म्हणून फेरी मारायला हॅझर्ड चांगला, पण कानाने ओळखायचं असेल तर डावा-उजवा वेगवेगळा लावून ऐका.

नवीन बल्ब टाकला तरी फास्टच आहे. आता फ्लॅशर बदलू ना?

थांबा. इथेच माझे पैसे गेलेत, तर सविस्तर सांगतो.

रंगपंचमीला आपल्याकडे गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते हे काही सांगायला नको. मावशीचं घर राजवाड्याजवळच्या गल्लीत, आदल्या रात्री जेवायला गेलो आणि मुक्काम पडला, बाबांची वॅगन आर गल्लीतच. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पांढरी गाडी गुलाबी झालेली. धुतली, विसरलो. जूनमध्ये डावा इंडिकेटर फास्ट झाला, कधी नॉर्मल, कधी फास्ट, खड्ड्यात आदळली की नॉर्मल. एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्याने मागचा बल्ब बदलला, दोन दिवस चालला, परत तेच. मग फ्लॅशर बदलला. परत तेच. तिसऱ्या वेळी म्हणे, भिया, कॉम्बिनेशन स्विच गया आपका. म्हणजे इंडिकेटरच्या दांडीचा स्विच. तो पण बदलला, सगळ्यात महाग तोच होता, आणि घरी येताना फूटी कोठीच्या चौकात परत टिकटिकटिकटिक.

मग बाबांनी वाचायचा चष्मा लावला, डिक्की उघडली, दिव्याचे दोन स्क्रू काढले आणि होल्डर बाहेर ओढून मला दाखवला. आत तळाला जी पितळी पट्टी असते ना, जिच्यावर बल्बचं बूड टेकतं, तिच्यावर हिरवट थर आणि त्या हिरव्यावर चक्क गुलाबी पापुद्रा, सुकलेल्या रंगाचा. दिव्यामागचं रबरी पॅकिंग एका कोपऱ्यात फाटलं होतं, तिथून रंगाचं पाणी शिरलं, पितळेला चढलं आणि बल्ब नीट टेकेनासा झाला. बल्ब चांगला, फ्लॅशर चांगला, स्विच पण बहुधा चांगलाच होता. आईच्या जुन्या टूथब्रशने आणि पॉलिश पेपरच्या इवल्या तुकड्याने बाबांनी ते पंधरा मिनिटांत साफ केलं, दबलेली पट्टी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने किंचित वर उचलली, आणि आज तीन वर्षं झाली, तो इंडिकेटर एकदाही चुकला नाही.

म्हणून सांगतो, नवीन बल्ब टाकूनही फास्ट असेल तर होल्डर बघा. फुकटची एक टेस्ट आहे: डाव्या-उजव्या बाजूचे बल्ब अदलाबदल करा. खराबी बल्बासोबत दुसऱ्या बाजूला गेली तर बल्ब खराब, जागच्या जागी राहिली तर होल्डर किंवा वायर. साफ करताना चावी काढून घ्या, कारण पट्टीला स्क्रू-ड्रायव्हर लावताना बाजूला टेकला तर फ्यूज जातो. कॉन्टॅक्ट क्लिनरचा स्प्रे मिळाला तर उत्तम. शेवटी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात, लोणी थापल्यासारखा नको.

कुठला बल्ब घ्यायचा? दुकानदार म्हणतो सगळे सारखेच.

सारखे नाहीत. दिव्याची काच केशरी असेल तर आत साधा पांढरा बल्ब असतो, आणि काच पारदर्शक असेल तर बल्बच केशरी लागतो. साध्या पांढऱ्या २१ वॉटच्या बल्बला बुडाशी दोन पिना बरोबर समोरासमोर असतात. केशरी बल्बच्या पिना जराशा तिरक्या बसवलेल्या असतात, मुद्दाम, चुकून पांढरा बल्ब तिथे बसू नये म्हणून. त्यामुळे बल्ब आत जाऊन फिरत नसेल तर जोर लावू नका, जोर लावणारे होल्डरचा खाचा तोडतात आणि मग अख्खा होल्डर शोधत फिरतात. काही गाड्यांत पिनाच नसतात, खाली चपटी काच असते, तो सरळ ओढून काढायचा आणि सरळ दाबून बसवायचा. ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो, २१ आणि ५ वॉटचा, तो इंडिकेटरला चालत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे जुना बल्ब खिशात टाकून दुकानात न्या आणि बुडावरचं लिहिलेलं जुळवा. साधा बल्ब शंभराच्या नोटेत येतो आणि सुटे परत मिळतात, त्यामुळे घेतोच आहात तर दोन घ्या आणि एक ग्लव्ह बॉक्समध्ये टाका.

केशरी बल्बचा रंग कालांतराने पापुद्र्यासारखा निघतो आणि इंडिकेटर पांढरट दिसायला लागतो, लागतोय म्हणून लोक बदलत नाहीत. बदला. भर उन्हात पांढरा इंडिकेटर मागच्याला दिसतच नाही.

बल्ब काढायचा कसा? मला तोडफोडीची भीती वाटते.

पाच मिनिटं थांबा, तापलेला असतो. मागचा दिवा बहुतेक हॅचबॅकमध्ये डिक्की उघडल्यावर कडेला दिसणाऱ्या दोन स्क्रूंवर असतो, स्क्रू काढून दिवा सरळ मागे ओढायचा, आडवा नाही, आत प्लास्टिकच्या खुंट्या असतात त्या तुटतात. मग होल्डर डावीकडे पाव फेरी फिरवला की बाहेर. पिनांचा बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवायचा. पुढचा बोनेट उघडून हेडलाइटच्या मागून, तिथे हात जात नाही हीच खरी अडचण, काही गाड्यांत बॅटरी नाहीतर एअर फिल्टरचा डबा सरकवावा लागतो. फेंडरवरचा छोटा दिवा एका बाजूला ढकलला की सुटतो, पण कुठल्या बाजूला ते गाडीगणिक वेगळं, मॅन्युअल बघा, नाहीतर रंगाला ओरखडा ठरलेला.

हॅझर्ड लावला की चारी लागतात, पण डावा-उजवा लावला की काहीच नाही. असं कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण यात गाडीने तुमचं अर्धं काम करून ठेवलंय. हॅझर्डवर चारी लागतात म्हणजे बल्ब ठीक, होल्डर ठीक, दिव्यांपर्यंतची वायर ठीक, आणि ज्या गाड्यांत दोन्हीला एकच फ्लॅशर असतो तिथे फ्लॅशर पण ठीक. हॅझर्डला करंट थेट बॅटरीकडून येतो, चावी काढली तरी तो चालतो. इंडिकेटरला मात्र चावी ऑन केल्यावरच, आणि बहुतेक गाड्यांत वेगळ्या फ्यूजमधून. तर पहिला फ्यूज बघा. दुसरं म्हणजे हॅझर्डचं बटणच. जुन्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट या बटणाच्या आतल्या कॉन्टॅक्टमधून फिरून येतो, आणि ते बटण आपण वर्षातून दोनदा दाबतो, आत कार्बन चढतो. दहा-पंधरा वेळा भराभर दाबा-सोडा, दाबा-सोडा. हसू नका, आमच्या समोरच्या काकांची गाडी अशीच सुरू झाली, त्यांनी मला कचोरी खायला घातली. पण हे तात्पुरतं हं, महिन्याभरात परत झालं तर बटण बदलायचं. तिसरा नंबर कॉम्बिनेशन स्विचचा, स्टिअरिंगच्या खालची ती दांडी.

उलट झालं तर? म्हणजे डावा-उजवा चालतात, हॅझर्ड नाही?

मग हॅझर्डचा फ्यूज नाहीतर बटण. हॅझर्डला वेगळा फ्लॅशर असेल तर तो पण बघा.

काहीच लागत नाही. ना इंडिकेटर, ना हॅझर्ड, टिकटिक पण नाही.

फ्यूज, मग फ्लॅशर, मग हॅझर्डचं बटण, या क्रमाने. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, इंडिकेटरसाठी बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा असतो. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका, काढून उजेडात धरा, कधीकधी चीर इतकी बारीक असते की दिसत नाही. त्याच अँपिअरचा दुसरा लावून बघितला की शंकाच नको.

फ्यूज परत परत उडतो. २० चा टाकून बघू का?

नाही! नाही म्हणजे नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो. १० च्या जागी २० टाकला तर फ्यूज टिकेल आणि वायर जळेल, डॅशबोर्डच्या मागे, जिथे तुम्हाला दिसणार पण नाही. चारी इंडिकेटर एकत्र लागले की साधारण ८ अँपिअर होतात, म्हणजे कंपनीने जो फ्यूज दिलाय तो पुरेसा आहे, उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागतेय.

कधी उडतो ते बघा. फक्त डावा लावल्यावर उडतो, तर शॉर्ट डाव्या बाजूला. मग डाव्या बाजूचे बल्ब एकेक काढून बघा, कपलर, म्हणजे वायरींचे प्लास्टिकचे जोड, एकेक सोडून बघा, कुठला सोडल्यावर उडायचा थांबतो. डिक्कीच्या दारात दिवा असेल तर दाराच्या बिजागरीजवळ रबराची नळी असते, त्यातल्या वायरी उघडझाप करून करून तुटतात, तिथे आधी बघा. दुसरी जागा म्हणजे जिथे कोणी अ‍ॅक्सेसरी बसवताना वायर सोलून टेप गुंडाळून सोडलीये ती. आणि तिसरा आरोपी उंदीर. पावसाळ्यात बोनेटच्या खाली गरम जागा बघून येतात आणि नेमक्या वायरीच कुरतडतात. बॅटरीच्या आसपास बारीक काळे दाणे आणि वायरीच्या सालीचा चुरा दिसला की समजा.

इंडिकेटर लागतो पण ब्लिंक होत नाही, नुसता लागून राहतो.

जुनी गाडी असेल तर हा फ्लॅशरच. फार जुन्या गाड्यांत फ्लॅशरच्या डबीत दोन धातूंची पट्टी असायची, करंटने तापून वाकायची, गार झाली की परत जागेवर, त्यातूनच टिकटिक. अशा फ्लॅशरमध्ये बल्ब गेला की उलटं होतं बरं का, करंट कमी म्हणून पट्टी नीट तापत नाही, तर इंडिकेटर स्लो होतो किंवा लागूनच राहतो. म्हणून घरी जुनी अँबेसिडर किंवा फियाट जपून ठेवली असेल तर फास्टवाला नियम तिला लावू नका. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये मात्र लागून राहणं म्हणजे आतला रिले, करंट जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला. तो डॅशबोर्डच्या खाली किंवा फ्यूज बॉक्समध्ये नुसता खोचलेला असतो, टिकटिक चालू असताना बोट लावलं तर जाणवतो, तोच शोधायचा उपाय. काढून तसाच नवीन खोचायचा. पिना तीन असोत की चार, दुकानात नवीन घेताना पिनांशी लिहिलेली अक्षरं जुळवा, नुसता आकार सारखा म्हणून घेऊ नका.

माझ्या गाडीत फ्लॅशर सापडतच नाही.

नसेलच. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल करतं, मेकॅनिक त्याला बीसीएम म्हणतात. टिकटिक पण खोटी, मीटरमधल्या स्पीकरची. दांडी फक्त बीसीएमला सांगते की डावा पाहिजे, बाकी सगळं तो बघतो, शॉर्ट झालं तर फ्यूज न उडवता स्वतःच त्या बाजूचा करंट तोडतो. अशा गाडीत बल्ब, होल्डर आणि अर्थ (करंटला परत नेणारी, बॉडीला जोडलेली वायर) इतकं घरी बघा, त्यापुढे स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र, लावणाऱ्याकडे जा. आणि कोणी स्कॅनर न लावता सरळ बीसीएम बदलायला सांगितला तर दुसऱ्याकडे विचारा, तो महाग असतो आणि बदलल्यावर प्रोग्रॅमिंग करावं लागतं.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, किंवा इंडिकेटरसोबत मागचा लाल दिवा पण लुकलुकतो. भूत आहे का?

भूत नाही, अर्थची वायर आहे. मागच्या एका दिव्यातले सगळे बल्ब, इंडिकेटर, ब्रेक, लाल दिवा, बहुतेक एकाच काळ्या वायरने बॉडीला जोडलेले असतात. त्या वायरचा स्क्रू गंजला किंवा सैल झाला की करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. म्हणून एक लावला की दुसरा मिणमिणतो. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, एक गल्ली अडली की लोक दुसऱ्याच्या ओट्यावरून जातात ना, तसंच.

बघायचं कसं: मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला (वायर पुरत नाही, एक लांब वायर जोडून घ्या), लाल पिन होल्डरच्या अर्थच्या बाजूला, आणि दिवा चालू. इंडिकेटर ब्लिंक होत असल्यामुळे आकडा नाचतो, म्हणून मी एक युक्ती करतो, मागचे लाल दिवे लावून मोजतो, अर्थ तोच, आकडा स्थिर. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की खराब. मल्टीमीटर नसेल तर होल्डरच्या काळ्या वायरपासून बॉडीच्या मोकळ्या धातूपर्यंत एक वायर तात्पुरती धरा, दिवे एकदम झकास लागले तर उत्तर मिळालं. मग स्क्रू काढा, खालचा रंग-गंज घासून चकचकीत धातू आणा, घट्ट आवळा, वरून ग्रीस.

एलईडी बल्ब टाकले आणि आता फास्ट टिकटिक करतो. दुकानदार म्हणतो रेझिस्टर लावून देतो.

एलईडी दोन-चार वॉट खातो, साधा २१, तर फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. रेझिस्टर लावला की तो उगाच करंट खाऊन फ्लॅशरला फसवतो. बाजारात ६ ओहमचा सोनेरी डब्बीवाला मिळतो, तो १२ व्होल्टवर २ अँपिअर घेतो म्हणजे २४ वॉटची नुसती उष्णता, हात लावला तर भाजतो. मी एकाच्या गाडीत तो बंपरच्या आत प्लास्टिकला टेपने चिकटवलेला पाहिलाय, प्लास्टिक वितळून खळगा पडला होता. लावायचाच असेल तर धातूवर स्क्रूने बसवा, वायरींपासून लांब. वेगळा फ्लॅशर असलेल्या गाडीत एलईडीवाला फ्लॅशर टाकणं त्यापेक्षा कितीतरी बरं. पण तसा फ्लॅशर टाकल्यावर खरंच दिवा गेला तर फास्ट टिकटिक होऊन कळणार नाही, मधूनमधून स्वतः बघावं लागेल.

माझं मत विचाराल तर इंडिकेटरमध्ये एलईडी टाकूच नका. दिव्याचा आतला आरसा साध्या बल्बच्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो, स्वस्त एलईडी त्यात समोरून बरा दिसतो आणि बाजूने दिसतच नाही, आणि इंडिकेटर तर बाजूच्यालाच दाखवायचा असतो.

टर्न घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. किंवा डावीकडचा राहतच नाही, दांडी परत येते.

स्टिअरिंग सरळ होताना आतला छोटा प्लास्टिकचा खटका दांडीला परत ढकलतो. तो झिजला की परत येत नाही, तुटला की दांडी अडकतच नाही. इथे साफसफाई चालत नाही, कॉम्बिनेशन स्विच बदलायचा. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत हौशी माणूस करू शकतो. एअरबॅग असेल तर कृपा करून स्टिअरिंग उघडू नका, तिथे बॅटरी काढून काही मिनिटं थांबावं लागतं, आत गुंडाळलेली पट्टीची केबल असते ती एक फेरी जरी चुकीची बसली तरी पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. हे काम सरळ वर्कशॉपचं.

एक लक्षात घ्या, हलकीशी दांडी दाबल्यावर तीनदा लुकलुकून बंद होतो तो बिघाड नाही, लेन बदलण्यासाठीची सोय आहे. आमच्या एका वहिनींनी त्यासाठी नवी गाडी दोनदा शोरूमला नेली.

फक्त पावसात बंद पडतो, ऊन पडलं की चालू.

पाणी. दिव्याच्या आत वाफ धरलेली दिसते का बघा. सकाळी थोडी वाफ धरून दुपारी जात असेल तर चालतं, दिव्याला श्वास घ्यायला बारीक भोक दिलेलं असतं. पण तळाला पाणी डुचमळत असेल तर पॅकिंग गेलंय किंवा काचेला तडा आहे. पॅकिंग बदला. खाली भोक पाडून पाणी काढायचा शहाणपणा करू नका, त्याच भोकातून पुढच्या पावसात पाणी आत येतं.

रिमोटने गाडी लॉक केल्यावर दिवे लुकलुकतात, आणि आता डावा लावला की उजवा पण मंद लागतो.

बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक किंवा अलार्म आहे ना? लुकलुकण्यासाठी त्याच्या दोन वायरी डाव्या आणि उजव्या इंडिकेटरला जोडलेल्या असतात, आतला रिले किंवा डायोड गेला की दोन्ही बाजू आतून एक होतात. त्या दोन वायरी सोडून बघा, ठीक झालं तर अलार्म खराब. हे आधी करा, नाहीतर कॉम्बिनेशन स्विच बदलून घ्याल. मी घेतला होता म्हणून सांगतो, कारण वेगळं होतं पण पैसे तेवढेच गेले.

आरशावरचा इंडिकेटर बंद आहे.

आरसा घडी होतो तिथली वायर, नाहीतर आतला एलईडीचा तुकडा. बल्ब नसतो, अख्खा दिवा बदलतात.

मल्टीमीटर नाही. टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायर जोडलेल्या छोट्या तपासणी दिव्याने, काम होईल?

बल्ब, होल्डर, फ्यूज इतक्यासाठी होईल, आणि खरं सांगू तर होल्डरमध्ये करंट येतोय का बघायला मल्टीमीटरपेक्षा लॅम्पच बरा. मल्टीमीटर एका धाग्यावर लटकलेल्या वायरीत पण १२ व्होल्ट दाखवतो, लॅम्पला पेटायला खरा करंट लागतो. फक्त पिवळ्या आवरणातल्या वायरींना कधीच लावू नका, त्या एअरबॅगच्या, आणि बीसीएमच्या कपलरमध्ये पण नको.

दुरुस्त होईपर्यंत तशीच चालवली तर?

रात्री आणि पावसात नको. दिवसा गॅरेजपर्यंत जायचंच असेल तर हाताने दाखवा, उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर सरळ आडवा, तळवा पुढे करून, डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. भंवरकुआंच्या गर्दीत हे केलं तर लोक तुम्हाला बाय करतील, पण नियम तोच आहे.

आणि इंडिकेटर बिघडलाय म्हणून हॅझर्ड लावून फिरू नका. चौकात सरळ जायचंय म्हणून हॅझर्ड लावणारे आपल्याकडे आधीच कमी नाहीत, आणि मानपूरच्या घाटात पाऊस सुरू झाला की सगळ्या गाड्या चारी दिवे लुकलुकवत चालतात, कोण थांबलंय, कोण चालतंय, कोण वळतंय काही कळत नाही. चारी लागले की डावा-उजवा दाखवायला काही उरत नाही. हॅझर्ड उभ्या गाडीसाठी.

मेकॅनिककडे जाऊन काय सांगायचं?

फ्लॅशर बदला असं सांगायचं नाही, तो बदलून देईल. जे दिसलं ते सांगा: डावा फास्ट आहे, उजवा नॉर्मल, हॅझर्डवर मागचा डावा लागत नाही, बल्ब अदलाबदल करून बघितला तरी तिथेच. इतकं ऐकल्यावर समोरचा सरळ होल्डरकडे जातो. जुना पार्ट परत मागा, आणि बदललेला प्रत्येक पार्ट लावल्यावर तिथेच उभं राहून डावा, उजवा, हॅझर्ड, आणि ब्रेक दाबून परत डावा-उजवा बघा. ब्रेकवाली टेस्ट सगळे विसरतात.

मारुतीवरून नव्या फोक्सवॅगनवर आलोय, इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर चालू होतो. हे दुरुस्त होईल?

होईल, पंधरा दिवसांत, आपोआप. मारुती-ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी उजवीकडे, फोक्सवॅगन-स्कोडात डावीकडे. तोवर काच स्वच्छ राहील.